माजी विद्यार्थ्यांच्या क्लबात राहिला आहात का? अनुभव सांगा

न्यू जर्सीहून (धागा काढणारी)

न्यूयॉर्कला ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या आसपास हार्वर्ड, येल, पेन (म्हणजे पेनसिल्व्हेनिया), कॉर्नेल अशा विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांचे क्लब आहेत. वर खोल्या, खाली बैठकीची दालनं, जेवणघर, वाचनालय. तुमच्यापैकी कुणी तिथे राहिलं असेल, कुणासोबत जेवायला गेलं असेल, तर जरूर लिहा. सुरुवात मी करते.

मी येलची. गेल्या वर्षी आईबाबांना घेऊन येल क्लबात चार रात्री राहिले. बाबा नाशिकरोडचे, सगळी नोकरी रेल्वेत झालेली. इमारत 1915ची, 22 मजल्यांची, आणि समोरच ग्रँड सेंट्रल. पहिल्या पहाटे पाचला जाग आली तर बाबा खुर्ची खिडकीशी ओढून बसलेले. म्हणाले, "अगं, स्टेशन एवढं मोठं आणि गाडी एकही दिसत नाही!" रूळ सगळे जमिनीखाली आहेत, फलाट 44 आहेत, एवढं सांगायचा अवकाश, त्यांनी बूट चढवले. न्याहारीलाच परत आले.

परतताना त्यांना इमारतीच्या भिंतीवर एक फलक दिसला. येलमध्ये शिकलेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला सैनिक नेथन हेल. ब्रिटिशांनी हेर म्हणून पकडून 22 सप्टेंबर 1776 रोजी त्याला फाशी दिलं, ते इथेच जवळपास, असं त्यावर लिहिलंय. वय 21. बाबा बराच वेळ तिथून हलले नाहीत. संध्याकाळी बैठकीच्या दालनात शेजारच्या खुर्चीवर एक वयस्क सभासद होते. त्यांनी आपणहून विचारपूस केली, "कुठून आलात?" बाबांनी आपल्या रेल्वेच्या इंग्रजीत त्यांना अनंत कान्हेरे सांगितला. नाशिकचं विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या, 1910 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी, वय 18. त्या गृहस्थांनी खिशातून छोटी वही काढली, बाबांकडून नावाची अक्षरं विचारून घेतली आणि एकेक करून उतरवली. हॉटेलात चार रात्री काढल्या असत्या तर बाबांशी कोण बोललं असतं?

बोस्टनहून

मी हार्वर्ड क्लबात दोनदा राहिले. इमारत 1894ची. मोठ्या दालनात भिंतीवर हत्तीचं मुंडकं आहे. मला ते बघवत नाही, मी पाठ करूनच बसते. पण मनात राहिली ती वेगळी गोष्ट. बायकांना इथे पूर्ण सभासदत्व मिळालं 1973 साली. क्लब स्थापन झाला 1865ला! माझ्या टेबलावर एक आजी होत्या. त्याआधी नवऱ्याची पाहुणी म्हणून आत यायच्या. आता बिलावर स्वतः सही करतात, आणि ती सही त्या सावकाश, पूर्ण नावाने करतात.

शिकागोहून

माझा अनुभव कडू आहे. क्लबचं नाव घेत नाही. आई जरीकाठी साडी आणि नव्या कोल्हापुरी चपला घालून जेवायला आली. दारातल्या माणसाने पायांकडे बघितलं आणि उघडी पादत्राणं चालत नाहीत म्हणून सांगितलं. आई एक शब्द बोलली नाही. खोलीत जाऊन माझे बूट घालून आली, दोन नंबर मोठे. अख्खं जेवण तिने पाय खुर्चीखाली घेऊन केलं. पुढच्या वर्षी मी वर्गणी भरली नाही.

डोंबिवलीहून, पूर्वी मॅनहॅटन

आमचा प्रिन्स्टन क्लब 43व्या रस्त्यावर होता. 2021मध्ये बंद पडला. दर गुरुवारी आम्ही पाच जण तिथे भेटायचो. आता पाचही जण आहेत, पण गुरुवार जमत नाही. बारमागच्या काकांना माझं लिंबू-सोडा न सांगता कळायचं. त्यांचा पत्ता घ्यायचा राहून गेला.

नागपूरहून

नवख्यांसाठी थोडं कामाचं. दुसऱ्या शहरातल्या क्लबशी आपल्या क्लबचा करार असेल तर आपल्या क्लबचं पत्र आधी घेऊन ठेवा. पाहुण्याने पैसे काढायचे नसतात, बिल सभासदाच्या खात्यावर जातं. मी पेन क्लबात राहतो. ती 44व्या रस्त्यावरची इमारत मुळात येल क्लबची होती, बरं का!

न्यू जर्सीहून (धागा काढणारी)

शिकागोच्या ताई, वाचून पोटात तुटलं. आम्ही निघण्याआधी फोन करून आईच्या चपलांचं विचारून घेतलं होतं. तेही करावं लागू नये.

बाबा सप्टेंबरात पुन्हा येतायत. 22 तारखेला खोली मिळेल का ते बघ म्हणालेत, स्टेशनच्या बाजूचीच.