गणपतीच्या स्किटमध्ये सफाईवाल्या मावशींची नक्कल करावी का?

घोडबंदर_१४वा_मजला
आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी स्किट असतं, यंदा लिहायचं माझ्याकडे आलंय म्हणून विचारतेय. गेल्या वर्षी आमच्यातल्याच एकाने झाडू मारणाऱ्या मावशींची नक्कल केली होती, लुगडं, डोक्यावर पदर, आणि त्या लिफ्टला "लिप" म्हणतात ते दर वाक्याला. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते, मीपण हसले. मग सहज मागे बघितलं तर मावशी प्रसादाच्या टेबलापाशी उभ्या, हातात शिऱ्याचा द्रोण. त्यापण हसत होत्या पण तोंडावर पदर धरून, आणि शिरा तसाच होता. तेव्हापासून त्या लिफ्टचं नावच घेत नाहीत. बंद असली तर "ते चालत नाय आज" एवढंच.

आता ग्रुपवर सगळे म्हणतायत तेच परत कर, हिट झालं होतं, मावशींना काही वाटलं नाही तर तुला का वाटतंय. मला नीट सांगताच येत नाहीये काय चुकलं ते. कोणाची खेचायची आणि कोणाची नाही ह्याला काही धरबंध असतो का?

नौपाड्याचे_आजोबा
ताई, मी लहानपणी जत्रेत तमाशे पाहिलेत. वगातला सोंगाड्या राजाची, कोतवालाची यथेच्छ टर उडवायचा आणि समोर पहिल्या रांगेत गावचा पाटील बसलेला असायचा. बोलणं कोणाला चाललंय ते त्याला बरोब्बर कळायचं, तरी चारचौघांत हसावं लागायचं.

आणि मावशी तर तमाशातही असते बरं का, गवळणीत. पुरुषच लुगडं नेसून करतो, तिच्या दिसण्यावर, चालण्यावर लोक पोट धरून हसतात. पण कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दान मागायला लागले की बाकीच्या गवळणींच्या वतीने तोंड कोण देतं, तर हीच. साक्षात देवाला सुनावते. तुमच्या स्किटमधल्या मावशीला एक तरी जबाब लिहिला होता का? नुसता पदर आणि "लिप" असेल तर ती मावशी नाही, नुसतं लुगडं आहे.

कोपरखैरणेकर
आजोबांशी सहमत. मी अधूनमधून ओपन माइक करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे. चार्ली चॅप्लिनने १९१८ मध्ये एका लेखात लिहिलंय, त्याच्या आदल्या वर्षीच्या "द अ‍ॅडव्हेंचरर"मध्ये त्याच्या हातून आइस्क्रीम खाली बसलेल्या श्रीमंत बाईच्या मानेवर पडतं आणि थिएटर हसतं, तेच एखाद्या फरशी पुसणाऱ्या बाईच्या मानेवर पडलं असतं तर लोकांना तिची दयाच आली असती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी नेमका तुमचाच प्रश्न. फरक इतकाच की तुमच्याकडे आइस्क्रीम मावशींवर पडलं आणि लोक तरीही हसले. ते मला जास्त लागलं.

वर्तकनगर_स्टेशनपर्यंत_रिक्षा
माझं थोडं वेगळं मत आहे. गरीब म्हणून वगळायचं ठरवलं तर स्टेजवर फक्त फ्लॅटवालेच दिसतील, तोही अपमानच ना. एकनाथांनी भारुडात महार, आंधळा, बहिरा, जोशी, गोंधळी सगळ्यांची सोंगं घेतली, पण चिमटा बसायचा तो ऐकायला बसलेल्यांना. सोंग घेणं चूक नाही, सोंग घेऊन कोणाला बोलता ते बघा.

आणि "वरच्यांना बोला" हे सांगायला सोपं आहे हो. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुली आठवतायत? तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या मुंबई बंदवर एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. टिंगलही नव्हती त्यात. त्यांना लावलेलं आयटी कायद्यातलं ते ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण भीती गेली का? सोसायटीतपण तेच, कमिटीवर जोक केला की पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही, मावशींवर केला तर काहीच होत नाही. म्हणूनच तर सगळे मावशींवर करतात.

घोडबंदर_१४वा_मजला
शेवटचं वाक्य वाचून गप्पच झाले. तेच झालंय आमच्याकडे.

काल मावशींना विचारलं स्किटमध्ये काय घालू. आधी नको नको म्हणाल्या, मग झाडू भिंतीला टेकवून वीस मिनिटं बोलत होत्या. मीटिंगमध्ये ओला-सुक्यावर भाषण देणाऱ्यांच्या बादलीत डायपर आणि भाजीची देठं एकत्र, पाणी वाचवा म्हणून बोर्ड लावणाऱ्यांचा पाइप गाडी धुताना अर्धा तास चालू, आणि टँकर आला की तेच सगळ्यात आधी खाली. असली नक्कल करतात ना एकेकाची, आमच्यातल्या कोणाला जमणार नाही. पण जाताना म्हणाल्या, "ताई, माझ्या तोंडी घालू नका हां, काम जाईल."

त्यामुळे मावशीचं पात्रच काढलं. हे सगळं मी माझ्या स्वतःच्या नावाने बोलणार आहे, फ्लॅट नंबरसकट. हॉल नाही दिला तर पार्किंगमध्ये करू. रिहर्सल रविवारी साडेपाचला ठेवलीय, मावशींची ड्युटी पाचला संपते, त्या येते म्हणाल्यात.