डेन्ट्रीचं वर्षावन, एकटीने गाडी घेऊन: कोणत्या पायवाटा कराव्यात?

पाऊलवाट:
जुलैत ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून भाड्याची छोटी गाडी घेऊन एकटीच डेन्ट्रीला जाणार आहे. मुक्काम केप ट्रिब्युलेशनला, दोन रात्री. सह्याद्रीत चालायची सवय आहे, पण अशा जंगलात एकटीने कुठवर जावं याचा अंदाज येत नाही. माउंट सॉरो एकटीने करण्यासारखा आहे का? आणि गाडी कुठपर्यंत नेता येईल?

रानभूल:
आधी गाडीचं. इंग्रजीतलं भारतीय लायसन्स पर्यटकांना क्वीन्सलंडमध्ये चालतं. टाकी नदीअलीकडच्या मॉसमन गावातच फुल करा. डेन्ट्री नदीवर पूल नाही, केबलवर चालणारी फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते; परतीचं तिकीट एकदमच काढा. पलीकडे बऱ्याच ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. डांबरी रस्ता केप ट्रिब्युलेशनपर्यंतच. पुढचा ब्लूमफील्ड ट्रॅक फोर व्हील ड्राइव्हवाल्यांचा: ओढे पाण्यातून पार करायचे आणि चढ अंगावर येणारे. छोट्या गाडीने तो नादच सोडा.

चालायला जिंदाल्बापासून सुरुवात करा. लाकडी फळ्यांची वाट जेमतेम पाऊण किलोमीटरची आहे, पण तिथून सुमारे 3 किलोमीटरचा फेरा निघतो. सकाळी लवकर गेलात तर कॅसोवरी, म्हणजे न उडणारा मोठा पक्षी, दिसण्याची शक्यता बरी. मार्जा मात्र अजिबात चुकवू नका. अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, पण तेवढ्यात वर्षावन संपून कांदळवन सुरू होतं. पंख्यासारख्या गोल पानांचे ताड मागे पडतात आणि चिखलातून वर आलेली मुळं दिसू लागतात. घाईने दहा मिनिटांत उरकाल. त्याऐवजी पाऊण तास द्या. दुबुजी याच धर्तीची, मुक्कामाजवळ आहे, संध्याकाळी करा.

डोंगरधार:
माउंट सॉरोबद्दल. जाऊन-येऊन 7 किलोमीटर, वेळ 5 ते 6 तास, वरची जागा 680 मीटरवर. अंतर बघून फसू नका. वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढते, पायात मुळं आणि ओला पाला, आणि हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. तो वाळला नाही की अंग थंड होत नाही, म्हणून सह्याद्रीतला तुमचा वेग इथे टिकणार नाही. पाणी किमान 3 लिटर घ्या. सुरुवात सकाळी दहाच्या आतच करायची, आठला केली तर उत्तम. जुलैत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत अंधार त्याआधीच होतो. दुपारी बाराला जिथे असाल तिथून मागे फिरा, माथा आला नसला तरी. उतरताना मुळांवरून पाय घसरतो. घोटे मुरगळतात ते तिथेच.

एकटीने करायचाच असेल तर दोन अटी: आदला दिवस कोरडा गेलेला हवा, आणि परतायची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी लिहून दिलेली हवी. सोबत पीएलबी, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र, भाड्याने मिळालं तर घ्याच. पाऊस असेल तर बेत रद्द. वरून ढगाशिवाय काही दिसणारही नाही.

पाऊलवाट:
खूप उपयोगी. जळवा आणि काटेरी झाडं यांचं काय?

रानभूल:
जळवांना लांब मोजे पुरतात. खरं जपायचं ते गिम्पी-गिम्पी या झुडपाला. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं मोठं पान, कडा करवतीसारख्या, अंगावर बारीक लव. ही लव काचेसारखी सिलिकाची असते. कातडीत मोडून राहते आणि वेदना कधीकधी कित्येक महिने पुन्हा उसळते. झाड पडून ऊन आलेल्या जागी आणि वाटेच्या कडेला ते हमखास उगवतं, म्हणून आधाराला कुठलंही झुडूप धरायचं नाही. लागलंच तर चोळू नका. केस काढायच्या मेणाच्या पट्टीने लव उपटून निघते. पट्ट्या केर्न्समध्येच घ्या.

वाटेवर वेतही आडवा येतो, दोरीसारख्या शेंड्यांना उलटे काटे असतात. अडकलात तर पुढे ओढू नका, एक पाऊल मागे या.

डोंगरधार:
दोन गोष्टी राहिल्या. कॅसोवरी समोर आला तर पळू नका. सॅक पोटाशी धरा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. आणि ओढा किंवा खाडी कितीही नितळ दिसली तरी काठापासून किमान 5 मीटर लांब राहा, मगरी आहेत. पाण्यात उतरायची हौस असेल तर परतीच्या वाटेवर मॉसमन गॉर्ज बघा. तिथे केंद्रापाशी गाडी लावून शटल बसने आत जायचं. झुलत्या पुलापलीकडे 2.4 किलोमीटरचा फेरा आहे, तो करा. पोहायचं की नाही ते त्या दिवशीच्या फलकावर ठरवा. वरच्या डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं.