गोरी माणसेही गरीब असतात, मग गोरेपणाचा विशेषाधिकार नेमका कोणता?

उंबरठा (प्रश्न):
अमेरिकेत कायद्याने वर्णभेद संपून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला, एक कृष्णवर्णीय नेता दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला. तरीही तेथील विद्यापीठांत आणि वृत्तपत्रांत ‘गोऱ्यांच्या विशेषाधिकारा’ची चर्चा सुरूच आहे. एका माणसाने दुसऱ्याचा केलेला द्वेष मला समजतो आणि तो निषेधार्हच आहे. परंतु ज्याने कधी कोणाचा अपमान केला नाही, ज्याचे आजोबा वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत राबले आणि जो आज स्वतः बेकार आहे, त्या गोऱ्या माणसाकडे कोणता विशेषाधिकार आहे? जाणकारांनी उदाहरणासह सांगावे. घोषणा पुष्कळ वाचून झाल्या आहेत.

पागोळी:
आपल्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी द्वेष करणारी व्यक्ती आहे. ती क्षणभर बाजूला ठेवून घरकर्जाकडे पाहा. १९३० च्या दशकापूर्वी अमेरिकेत घर घ्यायचे तर बहुधा निम्मी किंमत रोख मोजावी लागे आणि उरलेले कर्ज थोड्याच वर्षांत फेडावे लागे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने बँकांच्या कर्जांना सरकारी विमा दिला, म्हणजे कर्ज बुडाल्यास भरपाईची हमी दिली, आणि थोडी रक्कम आधी भरून वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेणे कामगारालाही परवडू लागले. मात्र जेथे कृष्णवर्णीय राहतात, किंवा पुढे येऊन राहतील अशी शंका आहे, ती वस्ती या संस्थेच्या नियमावलीने जोखमीची ठरवली. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरची नियोजित गोरी वसाहत कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून होती, म्हणून तिला विमा मिळेना. १९४१ साली त्याने दोहोंच्या मध्ये सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली, तेव्हा तो मिळाला. ती भिंत अजून उभी आहे. (कर्जासाठी जोखमीच्या मानलेल्या वस्त्या लाल रंगाने दाखवणारे प्रसिद्ध नकाशे दुसऱ्या एका सरकारी संस्थेचे आहेत. माझ्या मते त्या नकाशांपेक्षा या विम्याच्या नियमांनी अधिक नुकसान केले, पण नकाशा छापायला सोपा पडतो.)

पुढे १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कर्जांना सरकारने हमी दिली. त्या कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. परंतु कर्ज द्यायचे की नाही हे बँक ठरवत असे, आणि १९४७ मध्ये मिसिसिपीत अशा हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना केवळ दोन मिळाली. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये त्याच वर्षापासून सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. तेथील सुरुवातीच्या करारांत, कॉकेशियन (म्हणजे गोऱ्या) वंशाखेरीज अन्य कोणी हे घर वापरू नये, अशी अट होती. घरगुती नोकरांना मात्र मुभा होती! ज्यांना बँक दारात उभे करत नव्हती, अशा शिकागोतील कृष्णवर्णीय कुटुंबांनी विक्रेत्याकडूनच चढ्या किमतीला हप्त्यांवर घरे घेतली. त्या व्यवहारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राही, आणि एखादा हप्ता चुकला तरी घर व भरलेले सगळे पैसे जाऊ शकत.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांच्या व्यवहारातील भेदभाव बेकायदा ठरला. पण तोवर एका पिढीने घेतलेल्या घरांच्या किमती वाढलेल्या होत्या. त्या घरांवर मुलांची कॉलेजे झाली आणि तीच घरे वारशाने पुढे गेली. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांच्या निव्वळ मालमत्तेचा मध्यक (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) सुमारे २,८५,००० डॉलर होता, तर कृष्णवर्णीयांचा सुमारे ४४,९००.

तळघर:
वरील इतिहास मान्य आहे, परंतु मूळ प्रश्न त्याने पूर्णपणे सुटत नाही. मध्यक हा समूहाचा असतो. त्यावरून एका माणसाचे आयुष्य कळत नाही. अमेरिकेतील गरिबांची संख्या मोजली तर कृष्णवर्णीयांपेक्षा गोरे अधिक आहेत. वेस्ट व्हर्जिनिया ज्यात येते त्या ॲपलेशियाच्या डोंगराळ भागात खाणी बंद पडल्या, मागोमाग वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन पसरले. तेथील माणसाला ‘तू विशेषाधिकारी आहेस’ असे शहरातील सुखवस्तू प्राध्यापकाने सांगणे मला अन्याय्य वाटते आणि राजकीयदृष्ट्या आत्मघातकीही वाटते. वर्गाचा विचार वगळला की ही भाषा श्रीमंतांनाच सोयीची होते.

उंबरठा:
पागोळी, आभार. वारशाचा भाग समजला. परंतु आज जन्मलेल्या, वारसा नसलेल्या दोन मुलांत केवळ वर्णाने काय फरक पडतो?

रेघोटी:
तळघर यांनी व्यसनाचा विषय काढलाच आहे, तर तेथूनच सांगतो. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक कोकेनसाठी (ओढायच्या खड्यांच्या रूपातील कोकेनसाठी) किमान पाच वर्षांची शिक्षा सक्तीची केली. तेवढीच शिक्षा भुकटीच्या कोकेनला लागू व्हायला पाचशे ग्रॅम लागत. पदार्थ मुळात एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आले, समान झाले नाही. गोऱ्या गावांत गोळ्यांचे व्यसन पसरले तेव्हा मात्र नेत्यांची भाषा उपचाराची होती. ती योग्यच होती; प्रश्न एवढाच की तीस वर्षांपूर्वी ती कोणालाच का सुचली नाही. आपल्या खाणकामगाराच्या नातवाला मिळालेला लाभ हा असा आहे. तो बेकार राहिला, पण त्याचे व्यसन समाजाने आजार मानले.

नोकरीबाबत बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. बॉस्टन व शिकागोत त्यांनी सारख्याच दर्जाचे काल्पनिक अर्ज पाठवले, त्यांवरची नावे तेवढी बदलली. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे दीडपट बोलावणी आली. त्या नावांतून आर्थिक वर्गही सूचित होतो, असा आक्षेप घेतला गेला आहे आणि तो विचारात घ्यावा लागतो. तरीही मुलाखतीला न बोलावलेल्या उमेदवाराला तेवढ्याने काही मिळत नाही.

दीपमाळ:
यात आपण मराठी माणसे कोठे आहोत, हेही लिहायला हवे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. याउलट १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातून तेथे गेलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व मिळावे म्हणून, ते उच्चवर्णीय आर्य असल्याने गोरेच ठरतात, असा युक्तिवाद झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या या माणसाचा दावा न्यायालयाने फेटाळला आणि भारतीयांना नागरिकत्वाची वाट बंद झाली. १९४६ मध्ये ती उघडली, पण भारतातून नव्याने येणाऱ्यांना वर्षाला सुमारे शंभर जणांचीच मर्यादा होती. १९६५ चा स्थलांतर कायदा नागरी हक्क चळवळीच्याच लाटेत आला, आणि त्यानंतर आपले डॉक्टर व अभियंते तेथे मोठ्या संख्येने पोहोचले. म्हणून ‘आम्ही कष्टाने वर आलो, त्यांना का जमत नाही’ हा न्यू जर्सीतील आपल्या घरांतून ऐकू येणारा प्रश्न मला पोकळ वाटतो. व्हिसाने निवडून घेतलेल्या पदवीधरांची तुलना घर नाकारलेल्या कुटुंबांशी होऊ शकत नाही. शिवाय तेथे घर घेताना आपण सर्वप्रथम शाळेचा दर्जा पाहतो. शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, तो कर घरांच्या किमतींवर ठरतो, आणि त्या किमती कशा ठरत आल्या हे पागोळी यांनी वर लिहिलेच आहे.