मदत हवी आहे: निकेलच्या सेलमध्ये २ डिग्री जास्त येतायत, चूक कुठाय?

मंडळी, आधीच सांगतो, माझ्याकडे कोल्ड फ्यूजन (साध्या तापमानाला अणूंची केंद्रकं जुळून ऊर्जा मिळणं) झालंय असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, तेव्हा हसू नका.

१९८९ ला अमेरिकेत यूटामध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पॅलेडियमचा कॅथोड, प्लॅटिनमचा अ‍ॅनोड आणि जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेलं) घेऊन जास्तीची उष्णता मिळाल्याचं जाहीर केलं, मग आपल्या ट्रॉम्बेला बीएआरसीतही (भाभा अणुसंशोधन केंद्र) प्रयोग झाले, ट्रिटियम-न्यूट्रॉन, म्हणजे अणुप्रक्रियेच्या खुणा, दिसल्याचे रिपोर्ट आले, पण पुढे गाडी अडली ती अडलीच. गूगलच्या पैशावर मोठा अभ्यास झाला, त्यातही २०१९ पर्यंत काही हाती लागलं नाही. मला फक्त इतकी माणसं नेमकी कुठं फसली ते स्वतः करून बघायचंय.

पॅलेडियम खिशाला झेपत नाही आणि जड पाणी काय नव्या पेठेत मिळत नाही, म्हणून निकेलच्या दोन पट्ट्या, डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम कार्बोनेट. अर्ध्या लिटरची बरणी, भोवती थर्माकोल, वरून चादर (सोलापुरात दुसरं काय गुंडाळणार). गॅस जायला झाकणाला बारीक भोक, खिडकी उघडी. मित्र म्हणतो, काय करालास बे, स्फोट करशील.

६ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ६ वॅट. पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजन करण्यात जातात ते १.४८ वॅट (१.४८ व्होल्ट गुणिले १ अँपिअर) वजा केले की उरले साधारण ४.५. तुलनेसाठी तेवढेच ४.५ वॅट पाण्यातल्या रेझिस्टरला (नुसती उष्णता देणारा) देऊन सहा तासांनी पाणी खोलीपेक्षा १४ डिग्री वर गेलं, सेल चालवला तर १६! हिशेबाने अर्ध्या वॅटच्या वर जास्त.

मला वाटतं झाकणाखाली हायड्रोजन-ऑक्सिजन थोडे परत जुळतायत, म्हणजे मी वजा केलेले १.४८ सगळे बाहेर जातच नाहीत. हे तपासायचं कसं? बाहेर पडणारा गॅस उलट्या मेजरिंग सिलिंडरमध्ये पाण्यावर गोळा करून मोजला तर चालेल का? आणि रेझिस्टरच्या वेळी बुडबुडे नसतात, पाणी ढवळलं जात नाही, त्याचं काय करू?

ता.क. आत्ता वही बघितली तर रेझिस्टरचा रन सकाळी दहाला लावलेला, खोली ३२ वरून ३८ वर चढत होती, आणि सेलचा संध्याकाळी सहाला, खोली उतरत असताना. बरणीचं तापमान खोलीच्या मागेच राहत असणार ना? दोन्ही रन रात्री करून परत आकडे टाकतो, लाईट राहिली तर.