मदत हवी आहे: वायफाय मॅनेजमेंटचा डेमो द्यायचाय आणि तीन जुने राउटर ऐकत नाहीयेत

गोदाकाठचा_पेंग्विन:
मंडळी नमस्कार. नाशिकला आमचा लिनक्सवाल्यांचा छोटासा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतो, थोडं काम, बऱ्याच गप्पा. मागच्या वेळी तीसेक जण आले आणि हॉलचा एकुलता एक राउटर असा बसला की बोलणाऱ्याने स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट काढला, ते बघून अजून आठ-दहा जणांनी काढले आणि उरलंसुरलं वायफायही गेलं. मी तेव्हा जरा जास्तच ज्ञान पाजळलं, त्यामुळे पुढच्या मीटिंगला 'ओपन सोर्स वापरून वायफाय कसं सांभाळायचं' यावर बोलणार कोण, तर मीच.

लोकांच्या माळ्यावरचे तीन राउटर जमवलेत, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, तिन्हीवर ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलं, इथपर्यंत मजेत. पण ८०२.११एस मेश (राउटर वायफायवरूनच एकमेकांना जोडायची पद्धत) पासवर्डशिवाय जोडली जाते, एनक्रिप्शन लावलं की इंटरफेस उठतच नाही. मेश सोडून तिघांना एकच नाव-पासवर्ड दिला तर फोन दारापाशी असलेल्या राउटरला जो चिकटतो तो पार खिडकीशी गेलं तरी सोडत नाही, ८०२.११आर (एका राउटरवरून दुसऱ्यावर पटकन जायची सोय) चालू करून पाहिलं, ढिम्म. आणि ५ गीगाहर्ट्झला चॅनल १०० दिला की मिनिटभर नेटवर्क गायब. दीड तास बोलायचंय हो, इज्जतीचा प्रश्न आहे.

रात्रपाळी_ॲडमिन:
मेशचं सोपं आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या त्या इमेजमध्ये डब्ल्यूपॅडची (वायफायचा पासवर्ड आणि एनक्रिप्शन सांभाळणारा प्रोग्राम) बेसिक आवृत्ती येते, तिला एनक्रिप्टेड मेश जमत नाही. ती काढून पूर्ण डब्ल्यूपॅड टाका (एम्बेडटीएलएस ही एनक्रिप्शनची लायब्ररी वापरणारा). पण पॅकेज आधी डाउनलोड करून ठेवा आणि लॅन केबल लावूनच करा, कारण जुनं काढलं की वायफाय जातं. मी हा शहाणपणा गच्चीवरच्या राउटरवर वायफायवरूनच केला होता, मग रात्री ११ वाजता शेजाऱ्यांकडे शिडी मागायला गेलो.

चॅनल १०० बिघडलेला नाहीये. ५२ ते १४४ मध्ये रडारला आधी मान, म्हणून राउटर कमीत कमी ६० सेकंद नुसता ऐकतो, मग बोलतो. डेमोला ३६ ठेवा. कंट्री कोड आयएन (भारत) ठेवा, पॉवर जास्त मिळते म्हणून दुसरा देश निवडायचा उद्योग करू नका, आपल्याकडे लायसन्स लागत नाही ते ठरलेल्या पॉवरच्या आतच.

वायरवाली_ताई:
मला आधी सांगा, एका हॉलमध्ये मेश हवीच कशाला? एकाच रेडिओवर फोनशी पण बोलायचं आणि पुढच्या राउटरशी पण, म्हणजे प्रत्येक उडीला वेग साधारण निम्मा. केबल ओढा की. दुसऱ्या-तिसऱ्या राउटरचा डीएचसीपी (फोनना आयपी पत्ते वाटणारा) बंद, आयपी १९२.१६८.१.२ आणि १९२.१६८.१.३, केबल वॅनच्या (इंटरनेटच्या) भोकात नाही तर लॅनच्या (घरच्या नेटवर्कच्या) भोकात. २.४ गीगाहर्ट्झला चॅनल १, ६, ११ असे वाटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झच. ४० केलीत तर शेजारच्या चॅनलवर पाय पसरणार.

फोन चिकटतो त्यात राउटरचा दोष नाही, कुठे जायचं ते फोन ठरवतो. ८०२.११आर ने फक्त बदली पटकन होते, बदली करायची का हे ते सांगत नाही. ८०२.११के आणि व्ही सुचवतात, ऐकायचं की नाही फोनची मर्जी. आधी तिन्ही राउटरची पॉवर उतरवा. लोक उलटं करतात, पॉवर फुल्ल, मग सगळ्या फोनना लांबचा राउटरही जवळचाच वाटतो. आणि ८०२.११बी चे जुने रेट बंद करा, १ एमबीपीएसने रांगणारा एक लॅपटॉप सगळ्यांची हवेतली वेळ खाऊन टाकतो. तीस माणसं, एक चॅनल, एका वेळी एकानेच बोलायचं. हॉटस्पॉट काढल्यावर अजून का बसलं ते यातच आलं.

रात्रपाळी_ॲडमिन:
ताईंना अनुमोदन, मेश फक्त पाच मिनिटं गंमत म्हणून दाखवा. बोलताना स्क्रीनवर 'आयडब्ल्यू' या लिनक्सच्या वायफाय टूलची स्टेशन डंप कमांड चालू ठेवा, प्रत्येक फोनचा सिग्नल आणि बिटरेट दिसतो, एकाला खिडकीकडे चालायला लावा. आणि लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरची गोष्ट सांगाच, आत लिनक्स निघाला म्हणून २००३ मध्ये जीपीएल या लिनक्सच्या लायसन्सखाली सोर्स द्यावा लागला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, नावातला 'डब्ल्यूआरटी' तिथलाच.

गोदाकाठचा_पेंग्विन:
ताई, दंडवत! रविवारी केबल टाकून, पॉवर उतरवून बघितलं, फोन हॉलच्या मध्यावर आला की सिग्नल -७२ डीबीएमच्या आसपास उतरल्यावर पहिल्याला सोडतो आणि खिडकीवाल्याला धरतो. आमच्या एका मित्राचा जुना फोन अजून हट्टी आहे, त्यालाच डेमोत चालवणार. डब्ल्यूपॅडपण बदललं, केबल लावून, शिडी लागली नाही.

आता वेगळंच झेंगट. वाचनालयाचे काका म्हणतात दारातून केबल नेलीत तर कोणीतरी पडेल, आणि त्यांचं बरोबर आहे. नाशिकरोड भागात कोणाकडे १५ मीटरची चपटी केबल पडून आहे का? मीटिंग झाली की परत देतो.