'कामगारवर्गाची हुकूमशाही' : शब्द चुकला की माणसं?

राजारामपुरी : परवा कोल्हापूरच्या बिंदू चौकात एका जुन्या लाल बावट्यावाल्या काकांशी चहावर वाद झाला. मी म्हटलं, कम्युनिझम आला की हुकूमशाही येणारच, तुमच्या पोथीतच 'कामगारवर्गाची हुकूमशाही' लिहिलीय. काका म्हणाले, भाषांतरानं घात केला. खरंच मराठी शब्द चुकलाय का?

शिवाजी पेठ : काकांचं अर्धं बरोबर. रोमन 'डिक्टेटर' हा संकटकाळी नेमलेला, फार तर सहा महिन्यांचा अधिकारी. मार्क्सनं १८५२ मध्ये पत्रात हा शब्दप्रयोग केला तेव्हा त्याच्या मनात एका वर्गाची सत्ता होती, एका माणसाची नव्हे. त्याचा सहकारी एंगल्सनं १८९१ मध्ये उदाहरण दिलं ते पॅरिस कम्यूनचं, म्हणजे १८७१ मधल्या पॅरिसच्या अल्पजीवी कामगार-सरकारचं, आणि तिथले प्रतिनिधी लोकांना माघारी बोलावता येत. आपल्याकडे अरबी 'हुकूम'ला फारसी 'शाही' जोडली, की डोळ्यापुढं फर्मान सोडणारा एकटा माणूसच येतो. 'वर्गसत्ता' म्हटलं असतं तर निम्मा वाद मिटला असता.

मंगळवार पेठ : न्हाई मिटत भावा. आमच्यात हुकूम म्हंजे पत्त्यातला. हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला खाती, म्हणून समद्यांचा डोळा हुकूम कुणाच्या हातात त्यावर. रशियात हुकूम आधी कामगारांचा म्हटला, मग पक्षाचा, मग एकट्या सेक्रेटरीचा, स्टालिनचा. पानं पिसणारा बी त्योच.

शिवाजी पेठ : हे पटलं. रशियातली निवडून आलेली संविधान सभा लेनिनच्या पक्षानं जानेवारी १९१८ मध्ये एका बैठकीत गुंडाळली. मार्च १९२१ मध्ये क्रॉनस्टाट या नौदल तळावरच्या खलाशांचं बंड मोडलं, त्याच महिन्यात पक्षांतर्गत गटांवरही बंदी आली. १९३७-३८ मध्ये सरकारी नोंदींप्रमाणेच ६ लाख ८० हजारांवर माणसं गोळ्या घालून मारली. याला नुसती 'हुकूमशाही' म्हणणं तोकडं आहे. त्यासाठी 'दडपशाही' हा अस्सल शब्द आपल्याकडे आहे. दडपे पोहे आठवा, वर वजन ठेवून दाबलेले. हुकूमशाही सत्ता कुणाची ते सांगते, दडपशाही त्या सत्तेखालच्यांचं काय होतं ते. दुसरी लोकशाहीतही होऊ शकते, म्हणून दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरू नयेत.

राजारामपुरी : मग कम्युनिझममध्ये दडपशाही 'अपरिहार्य' म्हणायची का? काका लगेच केरळ पुढं करतात.

शाहूपुरी : 'अपरिहार्य' जपून वापरा; ज्याचा परिहारच होऊ शकत नाही ते. केरळात १९५७ मध्ये कम्युनिस्ट मतपेटीतून आले, १९५९ मध्ये केंद्रानं त्यांना घालवलं. बंगालात डावे ३४ वर्षं राहिले आणि २०११ मध्ये हरल्यावर मुकाट्यानं उतरले. पण काकांनी फार खूश होऊ नये. तिथं न्यायालयं, निवडणुका, विरोधी पक्ष यांतलं काहीच त्यांच्या मुठीत नव्हतं. जिथं विरोधी पक्षच उरला नाही तिथं, रशिया, चीन, कंबोडिया, उत्तर कोरिया, दडपशाही टळली नाही. त्याच बिंदू चौकात ज्यांचा पुतळा आहे त्या बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत साम्यवादाच्या ध्येयापेक्षा त्याच्या मार्गावर, हिंसेवर आणि हुकूमशाहीवर, बोट ठेवलं होतं. मी 'अपरिहार्य' हा शब्द साम्यवादाला लावणार नाही, एकपक्षीय सत्तेला बेलाशक लावेन.

राजारामपुरी : काकांना हे सगळं वाचून दाखवलं. बंगालवर मान हलवली, क्रॉनस्टाटवर गप्प बसले. 'वर्गसत्ता' चालेल म्हणाले, पण घोषणेत ठेका बसत नाही.