प्रत्येक साइटने आपापले कॉलम बनवणं बंद व्हावं का?

दांडियाबाजार
मी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोल बघते. शेअरपॉइंटवर (कंपनीची कागदपत्रं ठेवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) खरेदी, क्वालिटी, स्टोअर अशा आमच्या वेगवेगळ्या साइट आहेत. माल देणारा एकच, पण खरेदीच्या लायब्ररीत (फाइलींच्या साठ्यात) कॉलमचं नाव ‘व्हेंडर’, क्वालिटीत ‘सप्लायर’ आणि स्टोअरमध्ये ‘पार्टी’. ऑडिटर समोर बसलेले, म्हणाले, या पुरवठादाराची सगळी टेस्ट सर्टिफिकेटं दाखवा. फिल्टर लावला तर फक्त क्वालिटीची आली. स्टोअरमधली जागेवरच होती, पण कॉलम वेगळा असल्यामुळे गाळली गेली.

सामायिक कॉलम आणि कंटेंट टाइप (एका प्रकारच्या कागदाला लागणाऱ्या कॉलमचा ठरलेला साचा) आयटीकडच्या अ‍ॅडमिन सेंटरच्या गॅलरीत एकदाच बनवा, तिथूनच पब्लिश करा, म्हणजे ते सगळ्या साइटवर जातील. एका जागेहून पब्लिश करायची सोय २०१० च्या शेअरपॉइंटपासून आहे. आणि साइटमालकांचा कॉलम बनवायचा अधिकार काढून घ्या, असं माझं ठाम मत आहे.

मांडवी
ताई, अधिकार काढायला माझा साफ विरोध आहे. मी दुसऱ्या कंपनीत क्वालिटी सांभाळतो. वरून आलेला कंटेंट टाइप आमच्या साइटवर फक्त वाचता येतो, त्यात काही घालता येत नाही. प्लेटच्या सर्टिफिकेटवर हीट नंबर, म्हणजे धातू ज्या वितळणीतून आला तिचा क्रमांक, असतो. तो नोंदवायला जागा नव्हती. आयटीला मेल, मग फॉर्म, मग मंजुरी. तोवर मुलांनी हीट नंबर एक्सेलमध्ये लिहायला सुरुवात केली आणि ती फाइल आजही एकाच्या डेस्कटॉपवर आहे. सर्टिफिकेट कधी हातात न धरलेल्या माणसाने त्याचे कॉलम का ठरवायचे?

शिवाय वरून कॉलम सक्तीचे केले की लोक यादीतलं पहिलं नाव ठोकून मोकळे होतात. त्यापेक्षा रिकामा रकाना बरा, निदान फसवत तरी नाही.

सूरसागर
मांडवीभाई, हीट नंबरसाठी वाट बघायची गरज नव्हती. पब्लिश झालेल्या कंटेंट टाइपला धरून तुमच्या साइटवर त्याचा पोट-प्रकार बनवा आणि त्यात आपले कॉलम घाला. मूळ कॉलम वरचेच राहतात. सक्तीऐवजी फोल्डरनुसार डिफॉल्ट व्हॅल्यू लावा, म्हणजे निम्मं भरणं आपोआप होतं.

पुरवठादारांच्या यादीसाठी लुकअप (दुसऱ्या यादीतून नाव उचलणारा कॉलम) घेऊ नका, तो एका साइटमधून दुसऱ्या साइटमध्ये पोचत नाही. टर्म स्टोअर (सगळ्या साइटना मिळून एकच शब्दयादी) घ्या. तिथे एकाच नावाला पर्यायी नावंही देता येतात. हबला (अनेक साइटना एकत्र बांधणाऱ्या मुख्य साइटला) साइट जोडली की मेनू आणि रंग येतात, कॉलम आपोआप येत नाहीत; इथे पुष्कळजण फसतात.

आणखी एक. नवा कॉलम बनवताना नाव आधी रोमन अक्षरांत, जागा न सोडता द्या आणि मग मराठी किंवा गुजराती करा. दिसणारं नाव बदलता येतं, आतलं नाही. सुरुवातीलाच देवनागरीत लिहिलं तर आत एकेका चिन्हाचा सात अक्षरी कोड होतो आणि ते नाव ३२ अक्षरांवर तुटतं.

दांडियाबाजार
पोट-प्रकार मान्य. पण मोकळीक दिली की उद्या पुन्हा नवा ‘पार्टी’ उगवणार. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयांच्या कामासाठी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना आणलं, त्यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची एक पद्धत बसवली. प्रत्येक कपाटासाठी वेगळी नाही.

मांडवी
तेच बोर्डन माझ्याही बाजूचे आहेत, ताई. ड्यूईची पुस्तकं वर्गवार लावायची पद्धत तयार होती, तरी ती जशीच्या तशी न लावता त्यांनी बडोद्यासाठी निराळी केली. बरं, मला सांगा, यादीत नवा पुरवठादार कोण घालणार? आयटी?

सूरसागर
टर्म स्टोअरमध्ये गट करून त्याचा मॅनेजर क्वालिटीचा माणूस नेमता येतो. आयटीची गरज नाही.

दांडियाबाजार
यादी क्वालिटीकडे द्यायला माझी हरकत नाही. कॉलम मात्र एकच, आणि तो गॅलरीतलाच.

मांडवी
यादी आमच्या हातात असेल तर कॉलम तुमचा चालेल. अधिकार काढून घ्यायला मात्र विरोध कायम. साइट चालवायची जबाबदारी माझी असेल तर हीट नंबरचा कॉलमही मीच बनवणार.